पॉश, टॉफ, स्नॉब, राह : इंग्लंडात 'वरच्या' लोकांना कशी नावं ठेवतात?

रानजाई
लीड्सला ऑफिसात चहा पिताना मी सहज म्हणाले, की घरमालकाने बाथरूमचं अजून काही केलेलं नाही. 'बाथ' म्हणताना आपला नेहमीचा लांब 'आ'. समोरची बाई खिदळली, "ऊऽऽ, पॉश!" बाकीचेही हसले. मी राहते त्या खोलीत खिडकीखाली बुरशी आहे, हीटर मर्जीचा मालक आहे आणि मी रोज बसने जाते. माझ्यात पॉश ते काय?

तेव्हापासून कान टवकारून ऐकतेय. आमच्या डायरेक्टरसाहेबांना पाठीमागे 'टॉफ' म्हणतात. त्यांचा मुलगा सुट्टीत इंटर्नशिपला आला होता, तो 'राह'. पलीकडच्या टीमची मॅनेजर 'स्टक-अप', म्हणजे शिष्ट. लॉटरी लागलेल्या कुणाच्या तरी मेव्हण्याला मात्र यातलं काहीच नाही, तो नुसता 'मिंटेड'. म्हणजे शब्द वाटून दिलेले दिसतात. तिथे बरीच वर्षं काढलेल्या मंडळींनी सांगावं : कुठला टोमणा, कुठली शिवी, आणि आपण कुठला वापरला तर चालतो?

मीठमिरची
रुमाल टाकून ठेवते. चहा घेऊन येते.

वाटाड्या
रानजाई, तुमचा 'आ' नडला. अठराव्या शतकात लंडनकडे बाथ, पाथ, ग्रास या शब्दांतला स्वर लांबला, उत्तरेत तो आखूडच राहिला. यॉर्कशरमध्ये 'बॅथ' म्हणतात. आपल्याकडे शाळेत जे इंग्रजी आलं ते दक्षिणेचं, त्यामुळे सांगलीच्या मास्तरांकडे शिकलेला माणूसही लीड्समध्ये तोंड उघडताच राणीच्या गोतावळ्यातला वाटतो. खोलीतली बुरशी त्यांना दिसत नाही, स्वर ऐकू येतो.

आणि हाच सगळ्याचा पाया आहे. पैशाला वेगळे शब्द आहेत : मिंटेड, लोडेड. त्यात कौतुक असेल, हेवा असेल, पण तुच्छता नसते. पॉश, टॉफ, प्लमी, ला-डी-डा हे शब्द बोलणं, शाळा, कपडे, घराणं यांबद्दलचे. खिसा रिकामा असलेला माणूस पॉश असू शकतो आणि करोडपती प्लंबर जन्मात होत नाही.

खडूस_काका
पॉश शब्दाचा जन्म तर आपल्या बोटींवरचा! साहेब लोक पी अँड ओ च्या बोटीने मुंबईला यायचे. सुएझनंतर ऊन लागू नये म्हणून श्रीमंत लोक येताना डाव्या बाजूची आणि जाताना उजव्या बाजूची केबिन घ्यायचे. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. तिकिटावर चार अक्षरांचा शिक्का, पी ओ एस एच. आमचे एक नातेवाईक बॅलार्ड पियरला कामाला होते, त्यांच्याकडून लहानपणी ऐकलंय.

अनुस्वार
काका, गोष्ट फक्कड आहे, पण तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. कंपनीच्या कागदपत्रांतही नाही. ही व्युत्पत्ती 1930 च्या दशकात फिरू लागली, आणि शब्द त्याआधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात 'पॉश' म्हणजे चोरबाजारी बोलीत पैसा, विशेषतः अर्धी पेनी. तो रोमानी भाषेतून आला असावा, तिथे त्याचा अर्थ 'अर्धा'. नंतर छानछोकीने राहणाऱ्याला पॉश म्हणू लागले. रोमानी ही मुळात भारतातून गेलेली भाषा, तेव्हा भारताचा संबंध हवाच असेल तर तो बोटीने न जाता भटक्यांच्या गाड्यांतून गेला असं म्हणा.

स्नॉबचीही अशीच एक लोणकढी आहे, की लॅटिनमधल्या 'साइने नोबिलिटाटे'चं, म्हणजे 'कुलीन नसलेला' याचं, ते लघुरूप. तेही खोटं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्नॉब म्हणजे चक्क चांभार. मग केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या साध्या लोकांना स्नॉब म्हणू लागले. पुढे कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेने 1846-47 मध्ये 'पंच' साप्ताहिकात स्नॉब लोकांवर लेखमाला लिहिली, 1848 ला तिचं पुस्तक झालं, आणि वरच्यांची नक्कल करत त्यांच्यापुढे लोटांगण घालणारा तो स्नॉब, हा अर्थ पक्का झाला. खालच्यांकडे नाक मुरडणारा, हा आजचा अर्थ त्याच्याही नंतरचा. एकाच शब्दाने जिन्याच्या तळापासून माडीपर्यंत मजल मारली.

टॉफ बहुधा 'टफ्ट'वरून. ऑक्सफर्ड-केंब्रिजला उमरावांच्या मुलांच्या टोपीला सोनेरी गोंडा असायचा, तो टफ्ट. गोंडेवाल्यांच्या मागेपुढे करणाऱ्यांना 'टफ्ट-हंटर' म्हणत. 'टॉफी-नोज्ड' (नाक वर करून चालणारा) मधली टॉफीसुद्धा बहुधा खाण्याची नव्हे, या टॉफचीच.

खडूस_काका
तुम्ही लोक शब्दकोश उघडून माणसाचा सगळा आनंद मारता. मी बोटीची गोष्ट सांगतच राहणार.

मीठमिरची
काका, सांगा हो. तिकिटावरचा शिक्का आपण इथे तयार करून घेऊ.

पीटरबरोकर
आमच्या गावाला कुणी विचारतच नाही! पीटरबरो युनायटेड या फुटबॉल क्लबचं टोपणनावच 'द पॉश'. 1921 मध्ये इथल्या एका जुन्या क्लबच्या मॅनेजरने 'पॉश संघासाठी पॉश खेळाडू हवेत' असं म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच. आजचा क्लब 1934 चा. 2002 साली आमचा क्लब 'पॉश' हा ट्रेडमार्क नोंदवायला गेला, तेव्हा व्हिक्टोरिया बेकहॅम, म्हणजे स्पाइस गर्ल्समधली 'पॉश स्पाइस', आडवी आली होती. गाव अगदी साधं आहे, विटांच्या भट्ट्या आणि रेल्वेचं. भर पावसात हजारो माणसं 'कम ऑन यू पॉश' म्हणून ओरडतात, त्यातल्या एकालाही लंडनवाला पॉश म्हणणार नाही.

शेवगा
व्हिक्टोरियावरून आठवलं. 2023 च्या त्या बेकहॅमवाल्या माहितीपटात ती म्हणते, आम्ही कामगार वर्गातले. दाराच्या फटीतून नवरा डोकावतो, "खरं सांग, वडील शाळेत कुठल्या गाडीने सोडायचे?" ती आढेवेढे घेते, तो सोडत नाही. शेवटी निघतं, रोल्स-रॉइस. हसून हसून पुरेवाट.

वाटाड्या
शेवगा, पण गंमत अशी की तिचं अगदीच चूक नाही. वडिलांनी धंद्यात कमावलं आणि गाडी घेतली. इथल्या जुन्या उमरावाच्या लेखी रोल्समधून मुलीला शाळेत सोडणं हाच ती पॉश नसल्याचा पुरावा. पॉश माणूस जुनाट, कुत्र्याचे केस लागलेली गाडी चालवतो.

सईची_आई
कुत्र्याच्या केसांबद्दल मी बोलते. लेक डरहॅमला शिकते. तिथे 'राह' हा रोजचा शब्द, खाजगी बोर्डिंगातून आलेल्या पोरांसाठी. 'याह' असं लांबवून बोलतात, म्हणून राह म्हणे. मुलांच्या अंगात ती बिनबाह्यांची फ्लीसची बंडी, तिला 'चेल्सीचं लाइफजॅकेट' म्हणतात. करंगळीत घराण्याचं चिन्ह असलेली अंगठी. केस मुद्दाम न विंचरलेले. डरहॅम, एक्सेटर, सेंट अँड्र्यूज, एडिंबरा ही त्यांची ठाणी.

तिच्या अशा एका मैत्रिणीच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी आपली ठेवणीतली पैठणी नाही तरी सिल्कची साडी नेसून गेले. घर कसलं, वाडाच, ग्लॉस्टरशरमध्ये, समोर नजर पोचेल तिथपर्यंत यांचीच शेतं. आणि आत कडाक्याची थंडी! हीटिंग बंद. "कोट राहू दे अंगावर," असं यजमानीणबाईंनीच सांगितलं. सोफ्याचं कापड उन्हाने विटलेलं, हातावर धागे निघालेले, त्यावर दोन लॅब्रेडोर आडवे. मला कुत्र्यांच्या मधे जागा मिळाली. मुलीच्या वडिलांच्या स्वेटरला दोन्ही कोपरांना भोकं. जेवण स्वयंपाकघरातच, त्या भल्या थोरल्या आगा शेगडीजवळ, आणि काट्याचमच्यांवर मात्र पणजोबांची आद्याक्षरं. कपांचे कान तुटलेले. माझ्या साडीचं सगळ्यांनी इतक्या सौजन्याने कौतुक केलं की परत येताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, आपण आज लग्नाला गेल्यासारखे दिसत होतो ना? तो म्हणाला, आपण नवे श्रीमंत दिसत होतो, तेही श्रीमंत नसताना.

मीठमिरची
सईची आई, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

वाटाड्या
सईची आई, तुम्ही जे पाहिलंत त्यावर एक प्रसिद्ध टोमणा आहे. मायकल हेझेल्टाइन हे थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळातले बडे प्रस्थ. प्रकाशन व्यवसायात स्वतः गडगंज कमावलेलं. त्यांच्याबद्दल त्यांच्याच पक्षातला एक गृहस्थ म्हणाला, "त्याने आपलं फर्निचर स्वतः विकत घेतलंय." अ‍ॅलन क्लार्क या खासदाराच्या डायरीत हे आलंय. म्हणजे खरा माणूस फर्निचर विकत घेत नाही, त्याच्याकडे ते असतं.

1954 मध्ये बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी हेलसिंकीच्या एका विद्वज्जड नियतकालिकात लेख लिहिला : उच्चवर्गीय माणूस आता फक्त शब्दांवरून ओळखता येतो. 'यू' (अपर, म्हणजे वरचे) आणि 'नॉन-यू' अशी विभागणी केली. पुढच्याच वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्डने ते लोकांपर्यंत नेलं आणि सबंध मध्यमवर्ग हादरला. वरचे लोक म्हणतात नॅपकिन, लॅव्हेटरी, सोफा. मधले म्हणतात सर्व्हिएट, टॉयलेट, सेटी. ऐकू आलं नाही तर मधला 'पार्डन' म्हणतो, वरचा सरळ खेकसतो, 'व्हॉट?' आणि आपल्या विषयाला धरून : वरचा माणूस 'रिच' म्हणतो, 'वेल्दी' म्हणणारा मधला. नाजूक शब्द शोधायची गरज वर जायचं असतं त्याला.

2007 मध्ये केट आणि विल्यमचं काही काळ बिनसलं होतं, तेव्हा वर्तमानपत्रांत केटच्या आईच्या 'टॉयलेट' म्हणण्यावर चर्चा! त्या पूर्वी हवाईसुंदरी होत्या, म्हणून राजपुत्राची मित्रमंडळी 'डोअर्स टू मॅन्युअल' असं कुजबुजायची, असंही छापून आलं होतं. मुलगी आता भावी राणी आहे, मित्रमंडळींचं काय झालं कुणास ठाऊक.

गणोबा
हे सगळं वाचून आपली मराठी किती तयारीची आहे ते कळतं. ज्याला फर्निचर वारशाने मिळालं तो गर्भश्रीमंत. पोटातच श्रीमंत! ज्याने विकत घेतलं तो नवश्रीमंत. समारंभात पहिल्या रांगेत बसतो तो लब्धप्रतिष्ठित. नाक वर करून चालतो तो शिष्ट. आणि पुण्याभोवती जमीन विकून फॉर्च्युनर, गळ्यात साखळदंड, हातात कडं, तो गुंठामंत्री. साहेबाकडे या शेवटच्याला तोड आहे का?

मुळशीकर
गणोबा, तोड नसेल तर बरंच आहे. आमच्या चुलत्यांनी जमीन विकली ती हौसेने नाही. एका बाजूने रस्ता आला, दुसऱ्या बाजूने बिल्डरचं कुंपण, विहीर मधल्या पट्ट्यात गेली. मग दोन पोरांची लग्नं, घर, आणि हो, गाडी घेतली. फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांनी त्याच जमिनीवर बाल्कनीत उभं राहून 'गुंठामंत्री' म्हणायचं. चाळीस लाखांची गाडी आयटीवाल्याने घेतली तर 'यशस्वी', शेतकऱ्याने घेतली तर विनोद. सईच्या आईंनी पाहिलेल्या वाड्याला तरी नुसती जुनी जमीन आहे म्हणून मान आहे. आमची विकली गेली म्हणून चेष्टा. स्नॉब कोण याचं उत्तर धाग्यावरच सापडतंय.

गणोबा
मुळशीकर, कुणा एकाला उद्देशून नव्हतं हो. शब्द चलनात आहे म्हणून लिहिला.

मुळशीकर
चलनात आहे म्हणूनच बोललो.

अनुस्वार
मुळशीकरांचा मुद्दा साहेबाच्या देशातही तंतोतंत लागू आहे. 1988 च्या सुमारास टीव्हीवर हॅरी एनफील्ड या विनोदवीराने 'लोड्सामनी' नावाचं पात्र आणलं. लंडनकडचा गिलावा करणारा गवंडी, थॅचर काळातल्या बांधकामाच्या तेजीत कमावलेला, नोटांची गड्डी नाचवत ओरडणारा. विरोधी पक्षनेते किनॉक यांनी तो शब्द भाषणात सरकारवर टीका करायला वापरला. हसले सगळे, पण हसू कुणावर होतं? शेअरबाजारात त्याच्या शंभरपट कमावणारे शांतपणे सुटात बसले होते, त्यांच्यावर नव्हे. 2006 च्या विश्वचषकात फुटबॉलपटूंच्या बायकांना 'वॅग' म्हणून झोडपलं तेही याच हिशेबाने. घामाने किंवा पायाने कमावलेला पैसा दिसला की चेष्टा दुप्पट होते.

आणि गणोबा, गुंठामंत्र्याला तोड विचारलीत ना, तर सर्वांत जुनी तोड आपणच पुरवलेली : 'नेबॉब'. म्हणजे नबाब. ईस्ट इंडिया कंपनीत जाऊन बंगाल-मद्रासेत गडगंज झालेले मध्यमवर्गीय इंग्रज परत येऊन जहागिरी आणि पार्लमेंटच्या जागा विकत घ्यायला लागले, तेव्हा तिथल्या गर्भश्रीमंतांचा जळफळाट झाला. 1772 मध्ये 'द नेबॉब' नावाचं नाटकच आलं.

खडूस_काका
आता कसं! क्लाइव्ह म्हणजे इंग्लंडचा गुंठामंत्री. पुढच्याच वर्षी त्याच्यावर पार्लमेंटात चौकशी झाली, तर हा पठ्ठ्या म्हणतो, मी एवढं थोडंच घेतलं याचं माझं मलाच आश्चर्य वाटतं. त्याने तर जमीनही आपली विकली नव्हती, आपली म्हणजे आपली!

मुळशीकर
काका, हे मात्र मान्य. हा अर्थ चालेल.

चेल्सीतली_दातवाली
कामाच्या गडबडीत उशिरा वाचलं. मी ज्यांचे दात बघते ते सगळे या धाग्याचे नायक-नायिका. 'स्लोन' राहिलं का? स्लोन स्क्वेअरभोवतीच्या मंडळींना 1975 मध्ये एका मासिकाने 'स्लोन रेंजर' नाव दिलं. मोत्यांची माळ, कॉलर उभी, शनिवार-रविवार गावच्या घरी. लग्नाआधीची डायना हा त्यांचा आदर्श नमुना. पुरुष आवृत्तीत आवाज मोठा आणि अक्कल बेताची असेल तर 'हुर्रे हेन्री'. हनुवटी आत गेलेली असेल तर 'चिनलेस वंडर'. ही हनुवटी माझ्या खुर्चीत खरोखर येते, शपथेवर सांगते.

पोरांना शाळेत सोडायला आणतात त्या अवाढव्य गाड्या म्हणजे 'चेल्सी ट्रॅक्टर'. आयुष्यात चिखल पाहिलेला नसतो. एक सूचना : 'नॉब' हा शब्द बड्या लोकांसाठी आहे खरा, पण स्पेलिंगच्या आधी के लावला की भलताच अर्थ होतो, आणि बोलताना तो के ऐकू येत नाही. नवख्यांनी ऑफिसात टाळावा.

मीठमिरची
दातवाल्या बाई, ही सूचना धाग्याच्या वरती चिकटवा.

रानजाई
सगळे भारी लिहिताय. पण माझा प्रश्न तसाच आहे हो. त्या बाईने टोमणा मारला की लाड केला? आणि मी डायरेक्टरला टॉफ म्हणू का?

वाटाड्या
लाड. तोंडावर हसत 'पॉश' म्हणणं म्हणजे तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलं. उत्तरादाखल पुढच्या वेळी आणखी लांब 'बाऽऽथ' म्हणा, विषय संपेल. 'स्नॉब' कुणालाही तोंडावर म्हणू नका, तो सरळ स्वभावावर घाव आहे. 'स्टक-अप'ही तसाच. टॉफ हा पाठीमागचा आणि राजकारणातला शब्द, आणि तो इथल्या माणसाने इथल्या माणसाला म्हणायचा. बाहेरच्याने ऐकावा, हसावा, वापरू नये.

अनुस्वार
राजकारणातही तो उलटतो. मे 2008, क्रू आणि नँटविचची पोटनिवडणूक. हुजूर पक्षाचा उमेदवार एडवर्ड टिम्पसन. (मराठी वर्तमानपत्रांनी त्या पक्षाला 'हुजूर' नाव ठेवलं, यातच सगळं आलं.) मजूर पक्षाने कार्यकर्त्यांना उंच काळी टोपी आणि शेपटीचा कोट घालून त्याच्या मागे सोडलं, हा बघा टॉफ! लोकांना ते आवडलं नाही आणि मजूर पक्षाने हक्काची जागा गमावली. आता खरी मौज : टिम्पसन हे घराणं कशाचं? इंग्लंडभर स्टेशनांजवळ बूट दुरुस्त करून देणाऱ्या आणि चाव्या बनवणाऱ्या दुकानांचं. म्हणजे ज्याला टॉफ म्हणून हिणवलं तो शब्दाच्या जुन्या अर्थाने अस्सल स्नॉब निघाला.

शेवगा
उलट दिशेनेही उलटतो की. 2012 मध्ये डाउनिंग स्ट्रीटच्या मोठ्या फाटकातून सायकल नेऊ दिली नाही म्हणून अँड्र्यू मिचेल हे प्रतोद पोलिसांवर उखडले, 'प्लेब', म्हणजे खालच्या वर्गातला क्षुद्र माणूस, म्हणाले असा आरोप झाला. महिन्याभरात पद गेलं, पुढे 2014 मध्ये बदनामीचा खटलाही हरले.

त्याच वर्षी त्यांच्याच पक्षाच्या नादीन डॉरिस यांनी पंतप्रधान कॅमेरन आणि अर्थमंत्री ऑस्बर्न यांना 'दुधाचा भाव माहीत नसलेली दोन उद्धट पॉश पोरं' म्हटलं होतं. तेव्हापासून पत्रकार दिसेल त्या नेत्याला दुधाचा भाव विचारतात.

चेल्सीतली_दातवाली
दुधाचा भाव मलाही सांगता येणार नाही. घरी माणूस येऊन टाकतो, महिन्याने बिल.

मीठमिरची
सापडल्या! धाग्यावर एक तरी निघणार होतीच.

गणोबा
स्वस्तातल्या आल्डी दुकानात चार पाइंट दीड पौंडाच्या आसपास. महागड्या वेटरोजमध्ये मी शिरतच नाही.

मुळशीकर
आमचे चुलते राहिलेल्या तुकड्यावर अजून चार म्हशी सांभाळून आहेत, रोज सकाळी डेअरीला घालतात. त्यांना विचारा भाव. तासभर बोलतील.

खडूस_काका
म्हशी कुठल्या? आणि फॅट किती लागते?

मुळशीकर
दोन मुऱ्हा, दोन पंढरपुरी. फॅट सातच्या आसपास, पण उन्हाळ्यात डेअरीवाला मशीन जरा खालीच दाखवतो, असं चुलत्यांचं म्हणणं. वेगळा धागा काढू का?

खडूस_काका
काढा. इथे या उमरावांच्या गर्दीत गुदमरायला होतंय.